गैरहजरांची हजेरी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील विद्यापीठांत ‘होमकमिंग’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचें पुनरागमन, फुटबॉलचा सामना व मिरवणुकींनीं साजरें होतें. टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठाचा २१ एप्रिलचा मेळावा मात्र निराळा आहे. १८३६ सालीं याच दिवशीं सॅन जॅसिंटोच्या लढाईंत मेक्सिकोच्या सैन्याचा पराभव झाला. मेळाव्यांत वर्षभरांत दिवंगत झालेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें पुकारतात. प्रत्येक नांवास कोणी आप्त वा मित्र ‘हजर’ म्हणून ओ देतो आणि मेणबत्ती लावली जाते. १९४६ सालीं फिलिपाइन्समधील कॉरेजिडॉर बेटावरहि या विद्यापीठाचे सैनिक-विद्यार्थी असेच जमले होते. आम्हां शिक्षकांच्या हजेरीपटांत गैरहजराच्या नांवापुढें फुली पडते. जो परत येऊंच शकत नाहीं, त्याचीहि वर्गांतील जागा राखणारी ही प्रथा मला सर्व मिरवणुकींहून थोर वाटते.