शालेय स्पर्धा : गट कसे पडतात?

शालेय स्पर्धांचे गट शाळेच्या पटावर पडत नाहीत. ते वयावर (14, 17 आणि 19 वर्षांखालील) आणि हद्दीवर पडतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम. नाशिक व मालेगाव महानगरपालिका क्षेत्रे स्वतंत्र जिल्ह्यासारखी धरतात. महसुली नाशिक विभागातला अहिल्यानगर जिल्हा क्रीडेत पुणे विभागात मोडतो. वय सारखे असले की सामना बरोबरीचा, हे वैयक्तिक खेळांत बऱ्याच अंशी खरे. पण मैदानात खो-खोला 9, कबड्डीला 7 खेळाडू लागतात. पट घसरलेल्या शाळेत एका वयोगटातल्या तेवढ्या मुली जमवणेच कठीण. शेजारच्या शाळांचा संयुक्त संघ झाला तर शाळेची ओळख पुसेल, हा आक्षेप रास्त. तरी तालुका पातळीपुरती संयुक्त संघाची मुभा मिळायलाच हवी.