विश्वासाच्या परीक्षेतला गांजा

अमेरिकन सरकारची गुपितं ज्याच्या हाती सोपवायची, त्याला आधी 'सिक्युरिटी क्लिअरन्स' मिळवावा लागतो. त्याच्या चौकशीत अमली पदार्थांचा प्रश्न फार जुना आहे. आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या आदेशात दारूच्या अतिरेकाबरोबर अमली पदार्थांचं व्यसनही तपासायला सांगितलं होतं. रोख होता व्यसनावर. १९८६ मध्ये रेगन यांनी ती रेघ बरीच पुढे सरकवली. केंद्रीय कर्मचाऱ्याने कामावर असो वा घरी, बेकायदा पदार्थाला हातच लावायचा नाही, आणि संवेदनशील पदांवर चाचणीही व्हायची. २००८ च्या कायद्याने तर सध्या असा पदार्थ घेणाऱ्याला क्लिअरन्स द्यायची सगळ्याच खात्यांना बंदी केली.

खरा पेच पडला तो राज्यांमुळे. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी मौजेसाठीचा गांजा कायदेशीर केला. पुढे डेन्व्हरच्या दुकानातून पावती घेऊन, राज्याचा कर भरून गांजा विकत घेणारा तरुण राज्याच्या लेखी साधा गिऱ्हाईक होता. केंद्राच्या लेखी मात्र तो गुन्हेगारच राहिला, कारण १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत, बसवलं होतं. २०१४ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांनी राज्यांच्या कायद्यांनी आमचे निकष बदलत नाहीत, असं लेखी कळवलं. कायद्याने त्यांचं बरोबर होतं. तरीही दोन सरकारांमधल्या या विसंगतीचं ओझं विशी-बाविशीतल्या अर्जदारांच्या डोक्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

'एसएफ-८६' या लांबलचक अर्जात मागच्या सात वर्षांतल्या सेवनाबद्दल विचारतात. क्लिअरन्स हाती असताना घेतलं असेल, तर सात वर्षांची मर्यादाही नाही. २०१७ पासून सर्व खात्यांना लागू असलेल्या निकषांत या विषयाला स्वतंत्र कलम आहे. किती वेळा घेतलं, किती काळ लोटला, ती संगत सुटली का, हे सगळं पाहून माणूस अखंड तोलायचा, असं ते सांगतं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कॉलेजातला जुना गांजा काळाबरोबर मागे पडू शकतो. तो लपवला तर मात्र सचोटीचं वेगळं कलम लागतं, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरतो. सल्ला देणारे वकील म्हणूनच आधी एकच गोष्ट बजावतात: खरं लिहा.

डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या संचालक अॅव्हरिल हेन्स यांनी खात्यांना स्पष्ट केलं, की पूर्वी मौजेखातर घेतलेला गांजा विचारात घ्यावा, पण केवळ त्यावर निकाल देऊ नये. हे शहाणपण बरंच उशिरा आलं. बंदी मात्र उठली नाही: अर्जावर सही केल्यापासून गांजापासून लांब राहा, असं उमेदवारांना सांगावं, हेही त्याच पत्रात होतं.