मेळघाट : थिजलेल्या लाव्हाचा मुलूख

वऱ्हाडात ज्वालामुखी कोठे होता, असे एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारले तर तो बहुधा लोणारच्या सरोवराचे नाव घेतो. परंतु सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून आदळलेल्या अशनीने पाडलेले आहे, ही गोष्ट तेथील काचमय खडकांच्या परीक्षणावरून 1970 नंतरच्या दशकात निःसंशय ठरली. भूगर्भातील अग्नीने प्रत्यक्ष घडविलेली वस्तू पाहावयाची असेल तर दृष्टी उत्तरेकडे वळवावी लागते. अकोट, अंजनगाव, परतवाडा या गावांच्या मागे, पावसाळ्यात हिरवी आणि माघ-फाल्गुनात धुरकट निळी दिसणारी जी भिंत पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, ती सातपुड्याची गाविलगड नावाची डोंगररांग नखशिखांत थिजलेल्या लाव्हारसाची आहे. तिच्या पोटात आणि पाठीवर वसलेला जो अरण्यमय प्रदेश, त्यास आपण मेळघाट म्हणतो.

ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा पर्वत, त्याच्या माथ्यावर विवर आणि त्यातून उसळणारा धूर असे चित्र मनासमोर येते. मेळघाटात ते शोधू जाणारा निराश होईल, कारण येथे पृथ्वीने मुख उघडलेच नाही. तिचे कवच लांबच लांब भेगांनी फाटले आणि त्या भेगांतून पातळ रस वर येऊन पुराच्या पाण्याप्रमाणे सपाटीवर पसरला. आइसलंडमध्ये 1783 साली लाकी नावाची अशीच एक भेग सुमारे 27 किलोमीटर लांब उघडली आणि तिने त्या देशावर दुष्काळ ओढवला. परंतु दख्खनमध्ये सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जे घडले, त्याच्यापुढे तो उत्पात अगदी किरकोळ ठरतो. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी त्या खडकाने झाकलेली आहे, आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरांच्याही वर जाते. भारताचा भूखंड तेव्हा बराच दक्षिणेस होता आणि उत्तरेकडे सरकत असता तो पृथ्वीच्या उदरातील एका तप्त स्थानावरून गेला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तेच तप्त स्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असून तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की त्याच्या पायाखालच्या पाषाणाचा उगम आता हजारो मैल दूर, समुद्रापलीकडे राहिला आहे.

हा रस एकाच वेळी आला नाही. एक थर आला, थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, क्वचित तळी साचली, झाडे उगवली, आणि मग दुसऱ्या थराने ते सर्व गाडून टाकले. म्हणूनच या डोंगरांच्या उभ्या कापांत काळ्या कातळाच्या पट्ट्या आणि मधूनमधून तांबड्या भाजक्या मातीच्या रेघा एकीवर एक दिसतात, आणि कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. त्या पलीकडचा इतिहास पाहावयाचा असेल तर मोर्शी तालुक्यातील सालबर्डीस जावे. महादेवाच्या गुहेसाठी आणि उन्हाळ्यासाठी, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यासाठी, लोक तेथे महाशिवरात्रीस जातात. पण त्याच परिसरात लाव्हाच्या तळाखालचे जुने गाळखडक उघडे पडले असून त्यांत महाकाय सरटांच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या, अश्मीभूत अस्थी सापडल्या आहेत. ते प्राणी ज्या नदीकाठी हिंडले, तो नदीकाठच पुढे या अग्निप्रवाहाखाली गेला.

सालबर्डीचे हे जुने खडक वर का दिसतात, याचे उत्तर वऱ्हाडच्या सर्व भूगोलाची किल्ली आहे. गाविलगडाच्या दक्षिण पायथ्याने भूकवचाचा एक मोठा भंग गेलेला आहे; त्याच्या उत्तरेकडील भाग वर उचलला गेला, दक्षिणेकडील खाली खचला. जो वर गेला तो मेळघाट झाला, जो खाली गेला त्यात डोंगरावरून वाहून आलेला गाळ लक्षावधी वर्षे साचत राहिला आणि पूर्णेचे खोरे तयार झाले. आपण वऱ्हाडी लोक ज्या काळ्या कसदार जमिनीचा आणि तिच्यातील कापसाचा अभिमान बाळगतो, ती जमीन म्हणजे झिजून खाली आलेला हा खडकच होय. डोंगर आणि मैदान ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. एकाच खतावणीची ती जमा आणि खर्च अशी दोन पाने आहेत, आणि माझी तक्रार एवढीच आहे की आम्ही मैदानातले लोक जमेचे पान तेवढे वाचतो.

पाण्याचीही तीच कथा. रांगेचे सर्वांत उंच ठिकाण वैराट, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,178 मीटर. या कण्याच्या उत्तरेस पडणारा पाऊस सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांनी तापीस मिळतो. दक्षिणेस पडणारा वान, शहानूर, चंद्रभागा, सापन यांच्या वाटे पूर्णेस जातो. आणि पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवाजवळ पूर्णा तापीत शिरते, तेव्हा वैराटच्या माथ्यावर दुभंगलेले पाणी पुन्हा एकत्र येते. डोंगरात हा पाऊस मैदानाच्या जवळजवळ दुप्पट पडतो. खाली पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे 4,700 चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा आहे; तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकास दिले तर जमीन बिघडते. दर्यापूरकडील गावांना शहानूर धरणाचे आणि अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना वान धरणाचे जे गोड पाणी नळाने पोहोचते, ते मेळघाटच्या रानाने धरून ठेवलेले पाणी आहे.

या भूरचनेने राज्यकर्त्यांनाही हुकूम दिले. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले ज्या पठारांवर बसले आहेत, त्यांना निसर्गानेच कड्यांचे तट दिलेले, आणि लाव्हाच्या थरांमधील निबर मातीमुळे माथ्यावर तळ्यांत पाणी टिकते. जुने गड गवळी राजांचे होते अशी लोकपरंपरा. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 च्या सुमारास त्यांस दगडी बळकटी आणली, आणि नरनाळ्याचा नक्षीदार महाकाली दरवाजा, ज्यावरील शिलालेख 1487 चा आहे, फतहुल्ला इमादुल्मुल्काच्या अमदानीतील. अकबराने वऱ्हाड जिंकल्यावर ‘आइने-अकबरी’त सुभ्याची जी विभागणी नोंदली आहे, तीत गाविल आणि नरनाळा ही स्वतंत्र सरकारे होती; म्हणजे मैदानातील परगण्यांचा जमाबंदीचा हिशेबही डोंगरावरच्या किल्ल्यांच्या नावे मांडला जाई.

1803 साली या डोंगराचे मर्म इंग्रज सेनापती वेलेस्लीने नेमके ओळखले. 29 नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसल्यांच्या फौजेचा मोड झाल्यावर शिबंदी गाविलगडात शिरली, किल्लेदार बेनीसिंग. तीन बाजूंनी कडे तुटलेले, फक्त उत्तरेस लबाडा गावाच्या अंगाने एक अरुंद खिंडवजा दांडा पठारास जोडलेला. म्हणून स्टीव्हन्सनच्या तुकडीने एलिचपुराकडून, म्हणजे आजच्या अचलपुराकडून, मोठा वळसा घालून, रानातून वाट पाडीत, माणसांच्या हातांनी तोफा ओढून डोंगरावर चढविल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला, बेनीसिंग लढताना कामास आला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. आज चिखलदऱ्यास थंड हवेसाठी जाणारे प्रवासी, तेथील कॉफीचे मळे पाहून, भीमकुंडात डोकावून आणि कीचकवधाची कथा ऐकून परततात. त्यांनी थोडा वेळ त्या उत्तरेच्या दांड्यावरही उभे राहावे, अशी माझी विनंती आहे.

अरण्य मुख्यत्वे सागाचे, पानझडीचे. त्यात ऐन, तिवस, धावडा, हळदू, तेंदू, मोह, आवळा आणि दऱ्याखोऱ्यांत बांबू. चैत्रात या रानाकडे पाहिले तर ते मेले आहे असे वाटावे, इतके ते निष्पर्ण होते. पण ओढ्यांच्या काठी अर्जुन आणि जांभूळ हिरवे असतात आणि सर्व जनावर त्या हिरव्या रेघेस धरून जगते. व्याघ्रप्रकल्प 1973 साली देशात सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते, आणि 1987 साली त्याच्या गाभ्याचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाखेरीज येथे रानगवा, सांबर, भेकर, चौसिंगा, अस्वल, बिबट्या आणि कळपाने शिकार करणारा रानकुत्रा आहे. ताडोब्याप्रमाणे वाघ येथे सहज दर्शन देत नाही, कारण भूमी उभीआडवी फाटलेली आहे आणि प्रत्येक दरी त्यास आडोसा देते. त्याबद्दल प्रवाशांची नाराजी असली तरी मला यात अरण्याचा मोठेपणाच दिसतो.

परंतु या रानाचे खरे आश्चर्य वीतभर उंचीचे आहे. रानपिंगळा नावाच्या घुबडाचे वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम याने 1873 साली प्रसिद्ध केले. 1884 नंतर तो कोणास खात्रीने आढळला नाही. 1914 साली आपण एक मारला असे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सांगितले होते, पण तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पामेला रासमुसेन या विदुषीने पिसांच्या आणि शिवणीच्या बारीक तपासणीवरून सिद्ध केले. खोटी नोंद बाजूस काढून खऱ्या नोंदींच्या मागावर ती आणि तिचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्याच पायथ्याशी शहाद्याजवळ, भर उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला तो पक्षी त्यांस दिसला. 113 वर्षे तो नष्ट झाला असे समजले जात होते! पुढील शोधात असे दिसले की मेळघाटचे सागवान हा त्याचा सर्वांत भक्कम आसरा आहे. दिवसाउजेडी शिकार करणारे हे पिंगळे कोरकूंच्या शेतांच्या कडेने सर्रास वावरत होते. संग्रहालयांनी त्यांना मृत ठरविले होते, एवढेच.

कोरकू हे या डोंगराचे प्रमुख रहिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, गोंडीसारखी द्राविडीही नाही. ती मुंडा शाखेची असून तिचे सख्खे नातलग छोटा नागपूरच्या संथाळी व मुंडारी, आणि दूरचे तर कंबोडिया-व्हिएतनामात. त्या विस्तीर्ण भाषाकुळाचे अगदी पश्चिमेचे टोक म्हणजे कोरकू. याहून विलक्षण गोष्ट बुलडाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या बाजूस आहे: तेथील निहालांची निहाली भाषा, जी बोलणारे आता सुमारे दोन हजारच असतील, जगातील कोणत्याच कुळात निश्चितपणे बसत नाही. कोरकूंच्या शेजारी गोंड, बलई, आणि गुरे राखून खवा करणारे गवळी असा हा मिश्र मुलूख आहे.

कोरकूंचे गाव म्हणजे एक सरळ रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या रांगा. पूजा भूमका करतो, दुखणेबाहणे पडियार पाहतो. कोदो-कुटकी, ज्वारी, आता सोयाबीनही. आणि उन्हाळ्यात मोहाची फुले. मृताच्या नावे सिडोलीचा विधी करून सागाचा कोरीव स्तंभ उभारतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. वर्षातील सर्वांत मोठा सण होळी: खालच्या मैदानात मजुरीस गेलेली माणसे काहीही झाले तरी त्या दिवशी गावी परततात, मेघनाथाचा खांब पुजतात, आणि बायका रस्त्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे फगवा मागतात.

आता खर्चाचे पान. एकोणिसाव्या शतकात जंगल राखीव झाले, आणि तोडीच्या कामासाठी सरकारने वनग्रामे वसविली. ज्यांची भूमी तेच तेथे मजूर ठरले. 1993 साली मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने होणाऱ्या मृत्यूंकडे प्रथम साऱ्या देशाचे लक्ष गेले. आषाढ-श्रावणात, घरातील धान्य संपलेले, रस्ते ओढ्यांनी अडविलेले, तेव्हा मुले दगावतात. हा क्रम अजून पुरता मोडलेला नाही. बैरागडसारख्या दूरच्या गावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने आयुष्य वेचले, सरकारने 2019 साली त्यांस पद्मश्री दिली; परंतु एका दांपत्याच्या त्यागाने एका तालुक्याचा दवाखाना चालावा, ही व्यवस्था होऊ शकत नाही.

वाघासाठी गाभ्यातील गावे उठविण्यात आली. बोरी, कोहा, कुंड ही पहिली. ती अकोटच्या बाजूस मैदानात वसली, आणि त्यांच्या जुन्या शेतांवर कुरणे वाढून तेथे आता गवे आणि सांबर चरतात. अरण्यास याचा लाभ झाला हे मी निःसंकोच मान्य करतो. पण उठून गेलेल्या कुटुंबांस डोंगराचा मोह, तेंदू, मासळी आणि सावली यांची किंमत कोणत्या दराने चुकती केली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. काही गावांचे लोक जमीन आणि सोयी न मिळाल्याची तक्रार घेऊन जुन्या ठिकाणी परतही आले होते.

दुसरी वाट परतवाड्याजवळच्या पायविहीर या छोट्या गावाने दाखविली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2012 साली त्या गावास लगतच्या उजाड टेकडीवर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने चराईस आणि तोडीस आळा घातला, पाणी अडविण्यासाठी चर खणले, झाडे लावली, तेंदूपाने आणि सीताफळे स्वतः विकावयास घेतली. कामासाठी बाहेर जाणे बरेच थांबले, आणि 2014 साली या गावास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्या टेकडीचा उतार दक्षिणेचा आहे. तिच्यावर मुरणारे पाणी पूर्णेच्या खोऱ्यात उतरते.