कीर्तिमंदिराचा उंबरठा

कांदिवली पश्चिमेस मुंबई क्रिकेट असोसिएशनचें जें क्रीडागृह आणि मैदान आहे, त्यास नोव्हेंबर २०१३ मध्यें सचिन तेंडुलकर यांचें नांव देण्यांत आलें. तेंडुलकरांचा दोनशेवा व अखेरचा कसोटी सामना त्या वेळीं अगदीं तोंडावर आला होता. म्हणजे खेळाडू निवृत्त होण्यापूर्वींच मैदानाचें बारसें झालें. याबद्दल कोणास वाईट वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं, आणि वाटण्याचें कारणहि नाहीं. शेजारच्या बोरिवलींत लहानाचे मोठे झालेले रोहित शर्मा यांच्या नांवाचा स्टँड वानखेडे मैदानावर मे २०२५ मध्यें उघडण्यांत आला, तोहि ते एकदिवसीय सामने खेळत असतांनाच. त्याच समारंभांत अजित वाडेकर यांच्या नांवाचा स्टँडहि उघडला. वाडेकरांच्या नेतृत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडिज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या त्या १९७१ सालीं. वाडेकर वारले २०१८ सालीं. चोपन्न वर्षांनीं आलेला मान घेण्यास मानकरीच उरला नव्हता.

तेंडुलकरांसारख्यांचा गौरव करतांना कोणास डोकें शिणवावें लागत नाहीं. तें शिणवावें लागतें उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठीं. ज्यांच्या नांवापुढें पुष्कळ कांहीं आहे, पण एखादी मोठी जागा कोरी राहिलेली आहे, अशांसाठीं. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें हा वाद सुटीच्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींत हमखास निघतो. आजोबांनीं शिवलकरांची गोलंदाजी प्रत्यक्ष पाहिलेली असते, वडिलांच्या पिढीस मुझुमदार आठवतात, आणि नातवंडें हातांतील यंत्रावर आंकडे काढून दोघांनाहि गप्प करूं पाहतात. ताक संपतें, वाद संपत नाहीं. तो नीट कसा घालावा याविषयीं आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

बेसबॉल हा अमेरिकेंतील खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. परंतु हा उंबरठ्याचा प्रश्न त्या लोकांनीं जितका कसून हाताळला आहे, तितका दुसऱ्या कोणीं क्वचितच हाताळला असेल. न्यूयॉर्क राज्यांतील कूपर्सटाउन या लहानशा गांवीं त्यांचें ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिमंदिर, आहे. पहिली निवड १९३६ सालीं झाली व १९३९ सालीं इमारत खुली झाली. खेळाडूनें वरिष्ठ लीगमध्यें निदान दहा हंगाम खेळलेले असावे, निवृत्तीस पांच वर्षें लोटलेलीं असावीं, आणि मत देणाऱ्या क्रीडालेखकांपैकीं शेंकडा पंचाहत्तरांनीं त्याचें नांव लिहावें, म्हणजे तो आंत. शेंकडा पांचहून कमी मतें पडलीं कीं नांव यादींतून गळतें; दहा वर्षें वाट पाहूनहि मजल गांठली नाहीं, तरी गळतें. गळलेल्यांचा विचार करण्यास पुढें वेगळ्या लहान समित्या असतात. हॅरल्ड बेन्स नांवाच्या खेळाडूस लेखकांनीं कधीं शेंकडा साडेसहाहि मतें दिलीं नव्हतीं. त्यास अशाच एका समितीनें डिसेंबर २०१८ मध्यें आंत घेतलें, आणि तेथें मोठा गहजब उडाला. ‘बेन्स चालतो, तर अमका कां नको?’ असा प्रश्न जो तो विचारूं लागला. आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. आंत शिरलेल्यांतल्या सर्वांत दुबळ्याशीं तुलना करून पुढच्यास आंत घेत गेलें, तर मंदिराची धर्मशाळा होण्यास वेळ लागत नाहीं. विचारावयाचें तें असें: या खेळाडूस जेवढें अंगण मिळालें तेवढ्यांत त्यानें काय केलें? आणि अंगण लहान राहिलें तें त्याच्या अंगच्या उणेपणामुळें, कीं दुसऱ्या कोणीं मध्यें कुंपण घातलें म्हणून?

पद्माकर शिवलकर यांचेंच उदाहरण घेऊं. डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. प्रथमश्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, प्रत्येक बळीमागें वीसहूनहि कमी धांवा. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. खेळपट्टी अशी कीं मुंबईचेहि डाव १५१ व ११३ धांवांत आटोपले; पण तामिळनाडूचे आटोपले ८० आणि ६१ धांवांत. शिवलकरांनीं पहिल्या डावांत सोळा धांवांत आठ आणि दुसऱ्यांत अठरा धांवांत पांच गडी बाद केले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. १९८७-८८ च्या हंगामांत, सत्तेचाळीस वर्षांचे असतां, मुंबईनें त्यांना पुन्हा बोलावलें व ते खेळलेहि. कसोटी सामना मात्र एकहि नाहीं.

तिकडे उत्तरेस राजिंदर गोयल हेहि डावखुरे फिरकी गोलंदाज. पतियाळा, दिल्ली, हरियाणा अशा संघांकडून खेळून त्यांनीं प्रथमश्रेणींत ७५० बळी मिळविले, पैकीं ६३७ रणजी करंडकांत. त्यांचीहि कसोटीची पाटी कोरी. १९७४ सालीं बंगलोरच्या कसोटीसाठीं त्यांना बोलावणें आलें. त्या सामन्यांत बिशनसिंग बेदींना वगळलेलें होतें. पण गोयल यांस अकरांत जागा मिळाली नाहीं ती नाहींच. पुढच्या सामन्यास बेदी परत आले.

या दोघांच्या विरुद्ध जें बोललें जातें, तें इतकेंच कीं बेदी त्यांच्याहून सरस होते. होतेच, ६७ कसोटींत २६६ बळी घेणाऱ्या बेदींविषयीं कोण वाद घालील? प्रसन्ना, चंद्रशेखर आणि व्यंकटराघवनहि त्याच पंक्तीला बसलेले असतां डावखुऱ्या फिरकीस पाट एकच मांडलेला होता. परंतु एका पाटावर अधिक योग्य माणूस बसला, यावरून उभा राहिलेला अयोग्य ठरत नाहीं. आणि ज्यास कसोटीस बसूंच दिलें नाहीं, तो कसोटीस उतरला नाहीं असें म्हणणें हा तर शुद्ध वाक्छल होय. सुनील गावसकरांनीं आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हें पुस्तक १९८३ सालीं लिहिलें, त्यांत जगांतील नामवंतांच्या मालिकेंत या दोन बिनकसोटीच्या खेळाडूंनाहि स्थान दिलें. त्या काळीं गोलंदाजाची पारख गावसकरांहून अधिक कोणास असावी? नियामक मंडळानें सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांनाहि एकदमच दिला, पण २०१७ सालीं. गोयल २०२० च्या जूनमध्यें व शिवलकर ३ मार्च २०२५ रोजीं निवर्तले. आमचें मत विचाराल तर दोघेहि आंत. आणि एकालाच घ्यावयाचें झालें, तर मुंबईकर असूनहि आम्ही आधीं गोयल यांचें नांव लिहूं. दीडशेंहून अधिक सामने खेळून साडेसातशें गडी, आणि त्यांतले बहुतेक मुंबईसारख्या भरभक्कम संघाचा आधार नसतांना!

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट निराळी. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडाविरुद्ध खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धांवांचा तेव्हांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धांवांवर येऊन ठेपला होता. मध्यंतर झालें, आणि काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडून दिला. आपल्याविरुद्ध तेवढी मोठी नोंद व्हावयास नको, हा त्यामागचा हेतु. ही हकीकत ज्यानें ऐकली, त्याचें मन निंबाळकरांकडे ओढ घेतें, आमचेंहि घेतें. कसोटी तेहि खेळले नाहींत. परंतु करुणा हा निवडीचा निकष होऊं शकत नाहीं. ऐशीं प्रथमश्रेणी सामन्यांत सुमारें अठ्ठेचाळीसची सरासरी ही उत्तम फलंदाजाची खूण आहे. त्याच सुमारास मर्चंट, हजारे व मुश्ताक अली असे फलंदाज देशांत होते हेंहि विसरतां येत नाहीं. त्या डावाची शिला कीर्तिमंदिराच्या भिंतींत अवश्य बसवावी. पुरुषाची मूर्ति बसविण्यास आम्ही कचरतों. नियामक मंडळानें २००२ सालीं त्यांस नायडू पुरस्कार दिला, तो आम्हांस योग्यच वाटतो. पुरस्कार आणि मंदिर या दोन वस्तु एक नव्हेत.

अमोल मुझुमदार यांच्याविषयीं मात्र आमच्यांतच दोन तट आहेत. १९८८ सालीं शालेय सामन्यांत तेंडुलकर व कांबळी यांनीं ६६४ धांवांची भागीदारी केली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. रणजींतील पहिल्याच सामन्यांत, १९९३-९४ सालीं हरियाणाविरुद्ध, त्यांनीं २६० धांवा केल्या. पदार्पणांतली ती त्या काळची जगांतील सर्वांत मोठी खेळी होती. पुढें १७१ सामने, ११,१६७ धांवा, तीस शतकें. पण त्या वीस वर्षांत भारताच्या मधल्या फळींत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण बसलेले होते. एक पक्ष म्हणतो, हा तर शिवलकरांचाच न्याय झाला. दुसरा म्हणतो, गोलंदाजीस पाट एक होता, फलंदाजीस सहा होते. त्यांतला एकहि मिळूं नये याचा कांहीं अर्थ असेल कीं नाहीं? केवळ फलंदाज म्हणून विचार केला, तर आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. पण नोव्हेंबर २०२५ मध्यें नवी मुंबईस भारतीय महिलांनीं विश्वचषक जिंकला, त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदार होते. बेसबॉलच्या मंदिरांत संघाच्या व्यवस्थापकांसाठींहि वेगळें दार आहे. त्या दारानें ते उद्यां आंत आले, तर दोन्ही तटांचें समाधान होईल.

महिलांचा विषय निघालाच आहे, तर घरांतील मुलींनीं विचारलेला एक प्रश्न येथें नोंदवूं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या कीर्तिमंदिरांत २०२३ सालीं डायना एडलजी यांची निवड झाली. वीस कसोटी, ६३ बळी. त्यांच्याच काळांतल्या, पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांचे १९ कसोटींत ६० बळी. एका सामन्याचें व तीन बळींचें अंतर! एडलजींचा मान रास्त आहे. मग कुलकर्णींचें नांव पंक्तींत कोणीं काढीत कां नाहीं, या प्रश्नास घरांतल्या पुरुषांपाशीं उत्तर नव्हतें.

जून २०२५ मध्यें महेंद्रसिंह धोनी यांच्या रूपानें परिषदेच्या मंदिरांत अकरावा भारतीय गेला. त्या अकरांत विजय मर्चंट नाहींत, विजय हजारेहि नाहींत. मर्चंट यांची प्रथमश्रेणींतील सरासरी ७१.६४, म्हणजे दीर्घकाळ खेळलेल्यांत एका ब्रॅडमनच्या खालोखाल; कसोटी अवघ्या दहा, कारण ऐन उमेदीचीं वर्षें महायुद्धानें खाल्लीं. हजारे यांनीं तर १९४८ सालीं ॲडलेडला त्याच ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटींत दोन शतकें केलीं. यांस उंबरठ्यावरचे म्हणणेंहि आम्हांस जड जातें.

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख विशेषेंकरून लिहिला, त्यांच्याकडे येतों. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यांत खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर ते होते. तेथें साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते देशांतले पहिल्या प्रतीचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणीं हरला. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. त्यांच्या नांवावर प्रथमश्रेणीचे सामने फक्त ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला, तेव्हां ते छप्पन्न वर्षांचे होते. अंगण लहान राहण्याचें हें एक कारण. त्यांत दोष कोणाचाच नाहीं.

दुसरें कारण आपल्या घरांतलें आहे. बाळू चांभार समाजांतले. पुण्याच्या हिंदु संघांत त्यांस घ्यावें कीं न घ्यावें, यावर आपल्याच वाडवडिलांत खल झाला. गोऱ्यांस हरवावयाचें म्हणून घेतलें; मैदानांत त्यांचा चेंडू सर्वांच्या हातांत फिरे, चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत चहा मिळे. मुंबईच्या सामन्यांत हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षें नाकारण्यांत आलें. तें पाळवणकरांच्या घरांत आलें १९२३ सालीं, धाकटे बंधु विठ्ठल यांच्याकडे. तोंपर्यंत बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते. मुंबई असो, पुणें असो, बाळूंच्या नांवाचा उच्चार करतांना आमच्यासारख्या घरांनीं ही हकीकत गाळून केवळ बळींचे आंकडे सांगणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

अमेरिकेंत कृष्णवर्णीय खेळाडूंस १९४७ पर्यंत वरिष्ठ लीगचें दार बंद होतें. ते आपल्या वेगळ्या लीगमध्यें खेळत. त्यांतला नामांकित गोलंदाज सॅचेल पेज याची १९७१ सालीं कीर्तिमंदिरासाठीं निवड झाली, आणि कारभाऱ्यांनीं जाहीर केलें कीं त्याचें स्मारक मुख्य दालनांत नव्हे, वेगळ्या दालनांत राहील. वरिष्ठ लीगमध्यें दहा हंगाम पुरे झालेले नाहींत, ही सबब. जणुं दार त्यानेंच लावून घेतलें होतें! लोकांनीं इतका धिक्कार केला कीं त्याच वर्षीं कारभाऱ्यांना तो निर्णय फिरवावा लागला व पेजची पाटी इतरांच्या पाट्यांशेजारीं लागली. दुसऱ्या वर्षीं जॉश गिब्सन आंत आला. तो तर वरिष्ठ लीगमध्यें एकहि सामना खेळलेला नव्हता. त्या जुन्या लीगमधील आंकडे २०२४ सालीं मुख्य नोंदींत सामील करून घेण्यांत आले, तेव्हां कारकीर्दीच्या सरासरींत गिब्सनचें नांव सर्वांच्या वर गेलें.

आमच्या यादींत बाळू पहिले. मग मर्चंट, हजारे, गोयल, शिवलकर आणि शुभांगी कुलकर्णी. निंबाळकरांची शिला. मुझुमदार दुसऱ्या दारानें. आपल्या पंक्तींत याहून निराळी यादी निघाली असल्यास ती कारणांसह आम्हांकडे पाठवावी. नुसते आंकडे नकोत, ते नातवंडांनीं आम्हांस आधींच ऐकविले आहेत.