बिघडण्याआधीचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की आपल्या कृष्णाकाठी एक दृश्य हमखास दिसते. शेतकरी नदीकाठच्या मोटारी सोडवून वर आणून ठेवतात. नदी तेव्हा पात्रातच असते. पण पाणी चढले तर मोटार बुडेल, वाइंडिंग खराब होईल आणि पूर ओसरल्यावर ऊस पाण्यावाचून राहील, हा विचार त्यांनी आधीच केलेला असतो.

अभियांत्रिकीत हाच विचार तक्त्यात मांडतात. त्याला 'फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनालिसिस', थोडक्यात 'एफएमईए' म्हणतात. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये ही पद्धत लिहून काढली. पुढे ती अवकाशयानांच्या कामात आली आणि वाहनउद्योगात रुळली. काय बिघडेल, त्याचा परिणाम काय, कारण काय आणि ते आधी कळेल कसे, हे त्यातले चार प्रश्न. मग तीन गोष्टींना एक ते दहा गुण द्यायचे: परिणाम किती गंभीर, कारण किती वेळा उद्भवेल आणि बिघाड वेळीच लक्षात येणे किती अवघड. या तिन्हींचा गुणाकार जिथे मोठा, तिथे आधी हात घालायचा.

पण श्रोतेहो, या गुणाकारात एक फसगत आहे. रोजच्या किरकोळ तेलगळतीला चार, पाच आणि पाच गुण दिले तर शंभर होतात. जीवघेण्या पण क्वचित घडणाऱ्या बिघाडाला दहा, एक आणि चार दिले तर चाळीसच होतात. म्हणजे जीवघेणी गोष्ट यादीत खाली जाते!

आपल्या सातारा जिल्ह्यातले कोयना धरण आठवा. दख्खनचा भूभाग स्थिर मानला जात असे. तरीही अभियंत्यांनी भूकंपाचा विचार केला होता. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के आडवा जोर त्यांनी हिशेबात धरला होता. १९६२ पासून जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात लहान हादरे बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. १०३ मीटर उंच धरणाच्या भिंतीला, वरच्या भागात जिथे मागचा उतार एकदम बदलतो तिथे, भेगा पडल्या. धरण टिकले, नंतर भिंतीला मागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे जगातले ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचे नाव घेतात. म्हणजे कारणाच्या रकान्यात धरण स्वतःच होते.

यातून मी एक धडा घेतला. 'हे क्वचितच घडेल' हा निसर्गाने दिलेला शब्द नसतो, ती त्या दिवशीच्या आपल्या माहितीची मर्यादा असते. लहान हादरा आला की तो आकडा बदलायला हवा. अमेरिकी आणि जर्मन वाहनउद्योगाने २०१९ मध्ये काढलेल्या पुस्तिकेतही नुसता गुणाकार बाजूला ठेवून गांभीर्याला पहिला मान दिला आहे.

दुसरा रकाना परिणामाचा. तो भरताना नजर भिंतीपाशी थांबून चालत नाही. सांडव्यावरून सोडलेले पाणी कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. दरवाजा न उघडणे हा बिघाड, तसा तो अवेळी उघडणे हाही बिघाडच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. वरच्या पावसाची आणि विसर्गाची खबर खाली वेळेवर न पोहोचणे, ही ओळही या तक्त्यात हवीच.

तुमच्या कारखान्यात असा तक्ता असेल, तर उद्या तो उघडा. जिथे परिणामाला दहा गुण आणि शक्यतेला एक आहे, त्या ओळी शोधा. तो 'एक' कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर लिहिला, ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर काम तिथूनच सुरू करा.