निधीच्या अर्जाला नोंदींचा आधार

एखादा गरीब देश दक्षिण कोरियातल्या ग्रीन क्लायमेट फंडाकडे पूरसंरक्षक भिंतीसाठी पैसे मागतो, तेव्हा कळीचा प्रश्न येतो: हे संकट हवामानबदलाचंच कशावरून? पूर तर पूर्वीही येत होते. उत्तर द्यायला पाऊस आणि तापमानाच्या सलग तीसेक वर्षांच्या नोंदी लागतात. त्या असतात राष्ट्रीय हवामान खात्याकडे, पण अनेक ठिकाणी वह्यांतच पडून: शाई उडालेली, मधली पानं गहाळ, मोजणीचं केंद्र कधी हलवलं याचा पत्ता नाही. या वह्या संगणकावर चढवणं, चुका गाळणं, कल तपासणं हे अर्ज लिहिण्याच्या कितीतरी आधीचं काम. बरेचदा सल्लागार अर्ज लिहून मोकळे होतात आणि खात्याला शेवटी विचारलं जातं. हा क्रम बदललाच पाहिजे.

जागतिक हवामान संघटना खात्यांना यासाठी मार्गदर्शन करते. जिथे केंद्रंच तुटपुंजी आहेत, अशा देशांसाठी २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या वेळी ‘सॉफ’ हा निधी जाहीर झाला. तो नुसती उपकरणं बसवून थांबत नाही. नोंदी जगाला नियमित मिळत राहाव्यात म्हणून केंद्र चालवण्याच्या खर्चालाही हातभार लावतो. नाहीतर पर्जन्यमापक येतो आणि तो सांभाळणाऱ्याच्या पगाराची तरतूदच नसते.