चेंडू सोडायला शिकताना

सहा वर्षांच्या मुलाच्या हाती रग्बीचा लंबगोल चेंडू दिला, की तो प्रथम काय करतो? दोन्ही हातांनी तो छातीशी कवटाळतो आणि धावत सुटतो. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. रग्बीच्या शिक्षणाचा आरंभ नेमका ही मिठी सोडविण्यापासून होतो.

इंग्लंडमधील रग्बी क्लबांत रविवारी सकाळी लहानग्यांचे वर्ग भरतात. लेस्टर येथे तर जैन कुटुंबांची मोठी वस्ती, देखणे जिनमंदिर आणि नामांकित रग्बी संघ हे सारे एकाच नगरात आहे. आपल्या घरांतील माता-पित्यांना पहिली शंका येते ती धक्काबुक्कीची, आणि ती रास्तच आहे. परंतु तेथे सात-आठ वर्षांपर्यंतची मुले ‘टॅग रग्बी’ खेळतात. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन फिती चिकटविलेल्या असतात. धावणाऱ्याची फीत ओढली, की त्याने थांबून चेंडू सोबत्याला द्यायचा. धरणे, पाडणे काही नाही. दुसरी शंका चामड्याची. पूर्वी चेंडूचे वेष्टन चामड्याचे असे आणि आत डुकराचे मूत्राशय फुगविलेले असे. आजचा चेंडू कृत्रिम रबराचा असतो. लहानांसाठी तो ३ क्रमांकाचा, मोठ्यांसाठी ५ क्रमांकाचा. इवल्या बोटांत न मावणारा चेंडू देऊन मुलाला अनाडी ठरविणे हा शिकविणाऱ्याचाच दोष होय.

खरी अडचण नियमात आहे. धावायचे पुढे, पण हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. आपल्या खो-खोत खो देणारा पाठीमागून येतो; येथे देणारा पुढे आणि घेणारा मागे. बालमनाला हे उलटे वाटते. म्हणून चांगला प्रशिक्षक प्रथम धावायला लावीतच नाही. मुले गोलात उभी राहून शेजाऱ्याला चेंडू देतात, मग चार जण ओळीने चालत चालत देतात, आणि धावणे त्यानंतर येते. बोटे पसरून चेंडू दोन्ही हातांत धरायचा, मान वळवून सोबत्याकडे पाहायचे, हात अंगासमोरून झुलवायचे आणि चेंडू सुटल्यावरही बोटे त्याच्याच दिशेने रोखलेली ठेवायची. दूरचित्रवाणीवर दिसणारी चेंडूची गिरकी या वयात शिकवू नये. ती साधण्याच्या हौसेत नेम जातो आणि झेलणाऱ्याची बोटे दुखावतात.

चेंडू निसटला, की आपण झेलणाऱ्यावर ओरडतो. बहुतेक वेळा चूक देणाऱ्याची असते. सोबत्याने हात पुढे केले होते काय? तो मागे होता, की बरोबरीला आला होता? दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती नीट पोहोचेपर्यंत देणाऱ्याचे काम संपत नाही, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे सांगावे लागू नये! एकदा चेंडू सुटलेल्या मुलाकडे सवंगडी पुन्हा पाहत नाहीत. ते मूल कडेला उभे राहते आणि काही आठवड्यांनी मैदानावर येईनासे होते.

यावर काही प्रशिक्षक नियम करतात, की प्रत्येकाच्या हाती चेंडू गेल्याशिवाय गुण नाही. मला हा उपाय फारसा रुचत नाही. मुले मग कर्तव्य म्हणून, नको तेथे चेंडू देतात आणि त्या बिचाऱ्याचीच फीत पुन्हा ओढली जाते. त्यापेक्षा दोघांविरुद्ध एक हा छोटा खेळ बरा. समोर एकच अडविणारा. चेंडूवाला सरळ त्याच्याकडे धावतो, त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि तो फितीसाठी हात लांबवणार तोच बाजूच्या सोबत्याला चेंडू देतो. फार लवकर दिला, तर अडविणारा सोबत्याकडे वळतो. उशीर झाला, तर फीत जाते. कोणी न सांगता हे दहा-बारा प्रयत्नांत मुलांना उमगते. कडेला उभे राहणाऱ्या मुलाला अशा वेळी सोबत्याच्या जागी ठेवावे. समोर अडवायला कोणीच उरलेले नसते, चेंडू हातात असतो, आणि पुढे रेषेपर्यंत सारे मैदान मोकळे असते.